माझी झेन नापास झाली, बरं झालं!

मागच्या महिन्यात डेस्कवर मला एक काम मिळालं. इंटर्नला मिळतं तसंच, छोटं. पीयूसीची मुदत किती, फी किती, दंड किती, असा बातमीच्या बाजूला लावायचा चौकोन. दीडशे शब्द. मी नियम वाचले, आकडे लिहिले आणि शेवटी 'वाहनधारकांनी वेळेत पीयूसी करून घ्यावी' असं एक शहाणपणाचं वाक्य ठोकून कॉपी पाठवून दिली. सिनियर म्हणाले, "चांगलं झालंय."

खाली पार्किंगमध्ये माझी झेन उभी होती. तिची पीयूसी अगदी वैध होती. क्यूआर कोड होता, नंबर प्लेटचा फोटो होता, दशांशापर्यंतचे आकडे होते. फक्त ते आकडे माझ्या गाडीचे नव्हते.

दोन वर्षांत अशा चार पीयूसी घेतल्या मी. बीएस-फोरच्या आधीच्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी काढावी लागते, म्हणून चार. पद्धत ठरलेली. पोऱ्या माझ्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढायचा, आणि मशिनची नळी शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच गाडीच्या सायलेन्सरमध्ये जायची. वर थोडे पैसे. पाच मिनिटांत काम. मला त्यात काही चुकीचं वाटतच नव्हतं, कारण माझ्या ओळखीत ज्यांच्या ज्यांच्या गाड्या मॉडिफाय केलेल्या आहेत, ते सगळे हेच करतात. कॉलेजमध्ये हजेरीची प्रॉक्सी लावतो ना, तसं. गाडीची प्रॉक्सी.

पण त्या दिवशी स्वतःच लिहिलेला चौकोन छापून आलेला बघितला आणि कसंतरीच झालं.

झेन कशी बिघडवली

गाडीचं थोडं सांगते. २००६ची मारुती झेन, एमएच-१५. बाबांनी घेतली तेव्हा मी तीन वर्षांची होते. शाळेत पहिल्या दिवशी सोडायला हीच, आजोबांना हॉस्पिटलात न्यायला हीच, वणीला हीच, कसारा घाटात गरम होऊन बंद पडली तीही हीच. घरात नवी गाडी आली तेव्हा बाबा झेन विकायला निघाले होते. मी रडून, भांडून ती स्वतःकडे ठेवून घेतली. लायसन्स मिळालं आणि तिला 'भारी' करायचं ठरवलं.

मोठे अलॉय, कोनासारखा दिसणारा एअर फिल्टर आणि फ्री-फ्लो एक्झॉस्ट. एक्झॉस्ट बसवताना गॅरेजवाला म्हणाला, "मध्ये हे कॅट आहे ना, तेच गाडीचा दम घोटतं. काढून सरळ पाइप टाकू. पिकअप बघा मग." मी म्हटलं टाका. जुना माल आम्हीच ठेवतो, असंही तो म्हणाला. मी खूश, कचरा घरी न्यायला नको.

कॅट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. सायलेन्सरच्या आधी, गाडीच्या पोटाखाली बसणारा एक डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक छिद्रांची जाळी आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर. इंजिनातून निघालेला विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल त्या जाळीवरून जाताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेत बदलतं. नायट्रोजनच्या ऑक्साइडचा पुन्हा साधा नायट्रोजन होतो. आपल्याकडे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत नव्या पेट्रोल मोटारींना हा डबा आणि त्यासोबत शिसंविरहित पेट्रोल सक्तीचं झालं. शिशामुळे ही जाळी निकामी होते, म्हणून ते पेट्रोल आधी बदलावं लागलं. त्या पातळ थरातल्या धातूंना भंगारात चांगला भाव असतो, हे मला फार नंतर कळलं. म्हणजे माझ्या गाडीतली सगळ्यात महागडी वस्तू मी फुकट देऊन आले होते, आणि वर मजुरीही दिली होती!

आवाज मात्र घुमायला लागला. कॉलेज रोडला संध्याकाळी दुसऱ्या गिअरमध्ये नेली की लोक वळून बघायचे. पेट्रोलचा वास यायचा, मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे. आम्ही त्याला 'रेसिंगचा फील' म्हणायचो. एव्हरेज पंधरावरून अकरावर आलं. त्यालाही म्हणायचो, परफॉर्मन्स पाहिजे तर एवढं चालायचंच.

दोन मिनिटांची परीक्षा

चौकोन छापून आल्यावर पुढच्या रविवारी मी एका पीयूसी केंद्रावर गेले आणि म्हटलं, नळी माझ्याच गाडीत घाला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

पीयूसीत नक्की काय होतं, हे आपल्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं. पेट्रोल गाडीचं इंजिन गरम असावं लागतं. गाडी न्यूट्रलला, फक्त चालू. नळी सायलेन्सरमध्ये आतपर्यंत घालायची आणि मशिन त्या धुरातल्या दोन गोष्टींवर निकाल देतं: कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन म्हणजे न जळलेलं पेट्रोल दहा लाखांत किती भाग. माझ्या गाडीच्या पिढीला, म्हणजे बीएस-टू आणि बीएस-थ्रीच्या मोटारींना, मर्यादा आहे कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५०. त्याच्याही आधीच्या गाड्यांना ३ टक्के आणि १५०० इतकी सूट आहे. बीएस-फोरला ०.३ आणि २००. म्हणजे नियम जुन्या गाडीकडून नव्या गाडीइतकी अपेक्षा ठेवतच नाही. ती जशी कारखान्यातून आली, साधारण तशी राहावी एवढंच म्हणतो.

माझ्या झेनचा आकडा आला कार्बन मोनॉक्साइड २.६. मर्यादेच्या पाच पट. हायड्रोकार्बन कसाबसा मर्यादेत. स्क्रीनवर फेल.

"मॅडम, ॲडजस्ट करून देऊ का?" त्याने अगदी सहज विचारलं. नळी थोडी बाहेर ओढली की बाहेरची हवा आत शिरते आणि आकडा उतरतो, हेही त्यानेच सांगितलं. मी म्हटलं, नको, हाच आकडा लिहून द्या. त्याने मान हलवली आणि एका कागदावर लिहून दिला. बावीस वर्षांत नापास झाल्याचा कागद स्वतःहून मागून घेतला, असं पहिल्यांदाच झालं.

ब्लड रिपोर्ट वाचणारे चाचा

तो कागद घेऊन मी द्वारकाजवळच्या एका जुन्या गॅरेजमध्ये गेले. तिथले चाचा आमच्या आजोबांच्या स्कूटरपासूनचे ओळखीचे. त्यांनी आकडा बघितला आणि बॉनेट न उघडताच म्हणाले, "बेटा, एवढा सीओ नुसतं कॅट काढून येत नाही. गाडी पेट्रोल जास्त पितेय. आधी ते बघू."

नंतर जे कळलं ते मला मास कॉमच्या कुठल्याही लेक्चरपेक्षा जास्त आवडलं. एक्झॉस्टच्या तोंडाशी एक ऑक्सिजन सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे तो कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून पेट्रोल कमी-जास्त होतं. माझा फ्री-फ्लो पाइप जिथे जोडला होता, तिथला जॉइंट नीट बसलेला नव्हता. सेन्सरच्या आधीच बारीक गळती. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती. सेन्सरला वाटत होतं की ऑक्सिजन फार आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. कॉम्प्युटर बिचारा आणखी पेट्रोल सोडत होता. जास्तीचं पेट्रोल अर्धवट जळत होतं. तोच तो वास, तोच अकराचा एव्हरेज, तोच २.६चा आकडा. आणि ज्याला मी 'फील' म्हणत होते, तोही हाच.

चाचांनी जॉइंट काढून नवा गॅसकेट टाकला, काळे पडलेले प्लग बदलले, थकलेला सेन्सर बदलला. पुन्हा केंद्रावर. आकडा आला ०.९. अजून नापास, पण केवढा फरक! आता उरलं होतं कॅटचं काम. नवा कन्व्हर्टर बसवायला अकरा हजार गेले. दोन वर्षांपूर्वी काढायला दिले होते नऊशे. स्टायपेंडचा हिशेब बघता हा आकडा मला अजून झोपेत आठवतो. तिसऱ्यांदा केंद्रावर गेले तेव्हा तो पोऱ्या ओळखीचं हसला. आकडा ०.१४.

फ्री-फ्लोचा मागचा भाग काढून कंपनीचा सायलेन्सर परत लावला. कोनाचा फिल्टरही निघाला. तो इंजिनाच्या शेजारची गरम हवाच आत ओढत होता, त्याने काय डोंबलाचा पिकअप वाढणार! अलॉय ठेवलेत. पिकअप? मला तरी आता गाडी जास्त हलकी वाटते. एव्हरेज पुन्हा पंधराच्या आसपास आलाय. आवाज गेला, हे खरं. पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

या सगळ्यात एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. पीयूसीचा तो कागद म्हणजे गाडीचा ब्लड रिपोर्ट आहे. मी दोन वर्षं शेजाऱ्याचं रक्त देऊन स्वतःचा रिपोर्ट नॉर्मल आणत होते आणि वर विचारत होते की अशक्तपणा का जात नाही.

दिल्लीकडे बघा

आता मुद्द्याचं. हे सगळं फक्त माझ्या गाडीपुरतं असतं तर इथे लिहिलं नसतं. मला भीती वेगळीच आहे.

आपल्यापैकी जे जुन्या गाड्यांवर जीव टाकतात, म्हणजे आरएक्स-१०० जपणारे, जिप्सी उभी करणारे, आजोबांची पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणणारे, त्यांच्या गप्पांत दिल्लीचा विषय निघतोच. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आहे. १ जुलै २०२५ पासून तर अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही, असं सुरू झालं. इतका गोंधळ उडाला की काही दिवसांतच ते थांबवावं लागलं, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. आम्ही सगळे इथे बसून चिडलो. नीट ठेवलेली गाडी केवळ वय झालं म्हणून भंगारात का? वयापेक्षा धूर बघा ना!

बरोबर आहे. धूरच बघायला हवा. पण धूर बघायचा म्हणजे पीयूसी. आणि त्या पीयूसीचं आपण काय करून ठेवलंय?

सरकारच्या जागी उभं राहून विचार करा. वय मोजणं सोपं आहे. नंबर प्लेट कॅमेऱ्यात आली की वय कळतं, त्यात कुणी फसवू शकत नाही. धूर मोजणं अवघड, त्याला मशिन लागतं, माणूस लागतो आणि तो माणूस विकला जाणार नाही हा भरवसा लागतो. भरवसाच नसेल तर सरकार सोपा मार्ग घेणार. खोटी पीयूसी काढणारा प्रत्येक जण, म्हणजे दोन वर्षं मीसुद्धा, हाच निरोप पाठवतो की धुराच्या मोजणीवर विश्वास ठेवू नका, सरळ वय बघा.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: खऱ्या पीयूसीसाठी सगळ्यात आधी कुणी भांडायला पाहिजे, तर जुन्या आणि मॉडिफाय केलेल्या गाड्यांवर प्रेम करणाऱ्यांनी. आपल्या गाड्या वाचवणारा तोच एक कागद आहे. आणि तोच आपण स्वस्तात विकतोय.

आपल्याकडे अजून दिल्लीसारखी बंदी नाही. पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करायचं, गाडी आरटीओत दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, फी भरायची. पण ही फीही वाढत चाललीय. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीची फी ६०० वरून ५ हजार झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी ती १० हजारांवर गेली. वारं कुठून वाहतंय, हे कळायला एवढं पुरे.

कॉपी करणारे मोठेही आहेत

'एवढ्या तेवढ्याला काय होतं' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. त्यांच्या डिझेल गाड्यांमधलं सॉफ्टवेअर, आपली चाचणी चालू आहे हे ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं गाडीला शहाण्यासारखं वागवायचं. रस्त्यावर आली की तीच गाडी नायट्रोजनचे ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटीपर्यंत सोडायची. जगभर एक कोटीहून जास्त गाड्यांत हा प्रकार होता. कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले, अधिकारी तुरुंगात गेले.

तेव्हा मी शाळेत होते, काही कळलं नव्हतं. आता वाचलं आणि हसू आलं. इतके इंजिनिअर, इतका पैसा लावून त्यांनी जे केलं, ते आपल्याकडे एक पोऱ्या नळी शेजारच्या गाडीत घालून करतो. तत्त्व एकच: गाडी साफ ठेवू नका, परीक्षा पास व्हा.

यात परीक्षेचाही दोष आहे, तो मान्य करायला हवा. न्यूट्रलमधली एक-दोन मिनिटं म्हणजे गाडीचं आयुष्य नव्हे. पेट्रोल गाडीच्या आपल्या पीयूसीत नायट्रोजनचे ऑक्साइड मोजलेच जात नाहीत. डिझेलचा फक्त काळा धूर किती दाट आहे ते बघतात. बारीक धूलिकणांचा हिशेब त्यात नाही. बीएस-फोरपासून पुढच्या पेट्रोल गाड्यांना इंजिनाचे फेरे वाढवून हवा-पेट्रोलचं प्रमाण तपासण्याची भर पडली, तीही माझ्या झेनला लागू नाही.

आणि कागद सक्तीचा केला म्हणून खरेपणा येत नाही, हेही दिसलंय. जून २०२१ मध्ये देशभर एकसारखं, क्यूआर कोडचं प्रमाणपत्र आलं. मोबाइल नंबर जोडला गेला, माहिती थेट केंद्रीय नोंदीत जाऊ लागली. त्याने छापील बनावट कागदाला आळा बसला असेल. पण नळी कुठल्या सायलेन्सरमध्ये आहे, हे क्यूआर कोडला कसं कळणार? कायद्याच्या पुस्तकात प्रदूषणाच्या गुन्ह्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. चौकात पोलिसाने अडवलं तर तो विचारतो एकच: पीयूसी आहे का? गाडी साफ आहे का, हे विचारायची त्याची सोयच नाही.

मॉडिफाय करायचंच असेल तर?

आता आमच्या गँगचा नेहमीचा प्रश्न. मग काय, काहीच करायचं नाही?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. आरसीवर जी माहिती आहे, ती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. दंडाची तरतूद प्रत्येक बदलामागे ५ हजारांची आहे. पण याच कायद्यात सीएनजी किट बसवायची वाट दिलेली आहे. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवायचं आणि आरसीवर नोंद करायची. म्हणजे 'बदल करा, पण तपासून आणि नोंदवून' हे तत्त्व आपल्या कायद्याला नवीन नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचे नियम जगातल्या सगळ्यात कडक नियमांपैकी. तिथे स्मॉग चेक करणारा माणूस बॉनेट उघडून बघतो. कॅट जागेवर आहे का, सेन्सर आहेत का. धूर कितीही स्वच्छ आला तरी कॅट गायब असेल तर नापास. पण दुसऱ्या कंपनीचा फिल्टर किंवा एक्झॉस्टचा भाग तिथल्या हवा मंडळाने तपासून मान्य केलेला असेल, तर त्यावर एक क्रमांक असतो. तो दाखवला की पास. १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल मोटारींना तर या तपासणीतून सूटच आहे. कडकपणा आहे, पण हौशी माणसाला वाटही आहे.

आपल्याकडे वाट नाही म्हणून पळवाट आहे. 'हा एक्झॉस्ट चालेल, हा नाही' असं सांगणारी यादीच नसेल, तर वीस वर्षांचा मुलगा गॅरेजवाला सांगेल तेच करणार. हे बदलायला नाशिकइतकी योग्य जागा दुसरी नाही. आपण मायको सर्कलच्या सिग्नलला रोज थांबतो. ते नाव ज्या कंपनीमुळे पडलं, त्या आताच्या बॉशच्या सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजिनाचे इंजेक्टर बनतात. २००२ मध्ये आलेली पहिली स्कॉर्पिओ नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यातली. ट्रक-बसची तपासणी माणसाच्या नजरेऐवजी यंत्रांवर करायची देशातली जी सुरुवातीची आदर्श केंद्रं, त्यातलं एक नाशिकचं. इंजिन जाणणाऱ्या माणसांची या शहरात कमी नाही. सातपूरच्या आयटीआयमधून दरवर्षी मुलं बाहेर पडतात. पीयूसी केंद्रावरच्या पोऱ्याला नुसतं बटण दाबायला न शिकवता, आकडा वाचून 'ताई, तुमचा जॉइंट गळतोय' एवढं सांगायला शिकवलं, तर निम्मं काम होईल.

'मी एकटीने काय फरक पडतो?'

हा प्रश्न मलाही पडला होता. समोर काळा धूर सोडणारा ट्रक जात असताना मी अकरा हजार का घालू? बांधकामांची धूळ आहे, कचरा जाळतात, ते दिसत नाही का?

दिसतं. तेही लिहायलाच हवं. पण जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने हवा सुधारण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आणला, तेव्हा प्रदूषणाची मर्यादा न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव होतं. आम्ही नाशिककर मुंबईच्या पाहुण्यांना 'आमच्याकडची हवा बघा' म्हणून मिरवतो, तेच नाशिक. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसते आणि धूर वर जातच नाही, खालीच रेंगाळतो. सोमेश्वरकडे सकाळी पळायला जाणाऱ्यांना तो दिसतोही. येत्या वर्षभरात सिंहस्थ सुरू होतोय, लाखो माणसं आणि त्यांच्या गाड्या येतील.

आणि एक गोष्ट मी माझ्या डोळ्यांनी बघितलीय. मुंबई नाक्याच्या सिग्नलला माझ्या मागे स्कुटीवर एक आई असायची, पुढे शाळेचा ड्रेस घातलेली मुलगी उभी. त्या मुलीचं नाक बरोबर माझ्या सायलेन्सरच्या उंचीच्या थोडं वर. एकदा आरशात बघितलं, तिने ओढणीत तोंड खुपसलं होतं. तेव्हा मी काच वर करून गाण्याचा आवाज वाढवला होता. शहराच्या हवेत माझ्या झेनचा वाटा किती, याचा हिशेब मला मांडता येणार नाही. त्या मुलीच्या त्या दीड मिनिटातल्या हवेत मात्र बराचसा माझाच होता.

पैशाचा प्रश्न खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. जुन्या गाडीवर डिलिव्हरी करणाऱ्याला अकरा हजार म्हणजे महिन्याचं घर. पण माझाच हिशेब परत बघा. २.६ वरून ०.९ वर येताना झालेलं काम गॅसकेट, प्लग आणि सेन्सरचं होतं, आणि तो खर्च पेट्रोलच्या बचतीतून निघतो. मोठा खर्च आला तो मी स्वतः काढून टाकलेली वस्तू परत बसवायला. ज्यांनी अजून कॅट काढलेलं नाही, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे: काढू नका. गॅरेजवाला 'दम घोटतं' म्हणाला, तर जुना माल घरी नेणार म्हणून सांगा. त्याचा उत्साह किती टिकतो, बघा.

घरी सगळं सांगितलं तेव्हा बाबा ओरडतील असं वाटलं होतं. ते शांतपणे म्हणाले, "गाडी तुला दिली होती, तिचे कागद नाही." मग दोन दिवसांनी स्वतःच विचारलं, आकडा किती आला म्हणालीस? ०.१४ ऐकून त्यांनी त्यांच्या नव्या गाडीची पीयूसी शोधायला घेतली.

पुढच्या वर्षी झेनला वीस वर्षं होतील. आरसीची मुदत संपते, तिला घेऊन पेठ रोडला आरटीओत जायचंय. फी जमवायला सुरुवात केलीय. डॅशबोर्डच्या कप्प्यात नापास, नापास आणि पास असे तीन कागद एकत्र पिन करून ठेवलेत. पुढच्या पीयूसीला सहा महिने आहेत. तेव्हा चौथा त्यात लागेल, आणि त्यावरचा आकडा जो असेल तो माझ्याच गाडीचा असेल.